जुवाखालचा खांदा

पाऊस तुम्ही पळवला असं कुणी म्हणत नाही. पण तो गेल्यावर त्या चोरीचा आळ तुम्ही एका बाईवर घातलात, आणि हे तुमच्या तोंडावर सांगितलं पाहिजे. वेशीतल्या मारुतीच्या पारावर बसून, सुपारी कातरता कातरता, वाडीचे पाटील म्हणून तुम्ही निकाल देऊन टाकलात. धोंडीबाच्या सुनेनं, राहीनं, जुवाला खांदा दिला, म्हणून मृगाला आलेला पाऊस पाठ फिरवून गेला. आता बेंदराला, बैलं पुजायच्या सणादिवशी, तिनं नारळ घेऊन यावं, अख्ख्या वाडीदेखत मारुतीच्या पायरीला नाक घासावं, चुकलं म्हणावं. तोवर त्यांचा बैल वेशीतून जायचा नाही आणि त्यांच्याशी कुणी वारंगुळा करायचा नाही.

शेवटचं कलम तुम्ही मुद्दाम घातलंत. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. हाच वारंगुळा. तो बंद म्हणजे शेती बंद. राहीबाईच्या रानात बाजरी वीतभर वर आली होती आणि तिच्याबरोबर तणही आलं होतं. कोळपं फिरलं नाही तर तण बाजरीला गिळणार, आणि कोळप्याला जोडी लागते. तिच्याकडं एकच बैल. पुन्हा स्वतः जुवात शिरावं, तर तिचा खांदा अजून भरून आला नव्हता. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलंत.

आता ती जुवात का शिरली तेही ऐका. ते तुम्हाला कुणी पारावर येऊन सांगणार नाही.

बहात्तर सालात म्हसवडच्या बाजूला माणसं कशी जगली याची गाणी नकोत. राहीच्या घरात चार माणसं. सासरा धोंडीबा, सासू अंबूबाई, नवरा मानसिंग पलटणीत, आणि ही. पोरबाळ अजून नव्हतं. दावणीला पाखऱ्या आणि कोश्या, घरच्या गाईची खिलार जोडी. कडबा संपला तसा धोंडीबा जोडी घेऊन चालत सांगलीकडं गेला. तिथं कृष्णाकाठी त्याची बहीण मनुबाई दिली होती, तिच्या घरी ऊस होता. उसाच्या वाढ्यावर, शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, बैल जगतील असा हिशेब. कोश्या जगला. पाखऱ्याला हिरवं बाधलं, पोट फुगलं, आणि नदीकाठच्या मळीच्या रानात त्याला पुरावं लागलं.

इकडं सासू-सुना पाझर तलावाच्या कामावर. खडी फोडायची, धोंडे उचलायचे, बांधावर नेऊन टाकायचे. अंबूबाई तोंडाची फटकळ. कामावर मिळणारं सुकडीचं पीठ वाटणाऱ्याला म्हणायची, "हात जरा मोकळा सोड रं, तुज्या हुंड्यातलं न्हाई ते." चैतात एका दुपारी ती पाणी प्यायला म्हणून ड्रमाकडं गेली, बाभळीखाली टेकली, आणि उठली नाही. धोंडीबाला निरोप पोचून तो सांगलीकडून येईस्तोवर राख गार झाली होती. मानसिंग सुट्टी काढून आला, तेराव्यापर्यंत राहिला, परत गेला. धोंडीबा पुन्हा सांगलीकडं, बैलाजवळ. राही पुन्हा कामावर.

तुम्ही त्या कामावर देखरेखीला छत्री घेऊन उभे असायचात. आठवतं का बघा.

मग मृग लागला आणि पाऊस आला. धोंडीबा कोश्याला घेऊन चालत घरी आला. पाखऱ्याचा कासरा त्याच्या खांद्यावर नुसताच लोंबत होता. एवढं चालून त्याची कंबर धरली ती धरलीच. पण रान भिजलं होतं. शेजारच्या हिंदुरावचाही एकच बैल वाचला होता. दोघांनी दोन शब्दांत वारंगुळा ठरवला. वापसा आला की आधी धोंडीबाचं रान, मग हिंदुरावचं.

वापसा आला. माती मुठीत घेतली तर गोळा व्हायचा, सोडली तर फुटायची. पेरणीला अशी माती दोन दिवस मिळते, तिसऱ्या दिवशी ती आवळायला लागते. सकाळी हिंदुराव आला तो मोकळ्या हातानं.

"बैल कुठं हाय भावजी?" राहीनं विचारलं.

हिंदुराव अंगणातच थांबला. "त्यांनी न्हेला."

"कुनी?"

"कुनी म्हनून काय इचारतीस. त्यांनीच. म्हनले, आदी आमची पेरनी. मग तुमचं काय ते बगा."

"आन तुमी दिला."

"न्हाई म्हनायला मला तोंड कुटलं, वैनी."

"ते दिसतंय की," राही म्हणाली. "जेवायपुरतंच हाय."

धोंडीबा खांबाला धरून उठला. "मग आमचं कवा रं, हिंदुराव?"

"आटवड्यानं बगू, आबा."

"आटवड्यानं तिथं पाटा-वरवंटा घडवायचा व्हय?"

हिंदुराव मान खाली घालून गेला. वाईट माणूस नाही तो. भ्यालेला आहे, एवढंच. आणि तुमचं सगळं राज्य त्या एवढंच्यावर चाललंय.

राहीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात धुतले. "मामा, कुरी काढा."

"आगं, जोडी कुटं हाय?"

"हाय की. येक कोश्या, येक मी."

धोंडीबा तिच्याकडं बघतच राहिला. "बाईमानसानं जुवाला खांदा लावत न्हाईत, राही. वंगाळ असतंय."

"मग तुमी जुवात या. मी चाडं धरते."

त्यानं कमरेवर हात ठेवला. मग त्यानं पेरणीची कुरी काढली.

पोत्याची घडी करून तिनं खांद्यावर ठेवली, पदर कमरेला घट्ट खोवला, आणि जुवाचं टोक त्या घडीवर घेतलं. जू तिच्या बाजूला कललं. कोश्यानं मान वळवून बघितलं. पाखऱ्याच्या जागी हे कोण आलं, असं त्याला वाटलं असेल. पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळीला, तो आपल्या चालीनं निघाला आणि राही फरफटली, गुडघ्यावर आली. धोंडीबा मागून ओरडला. ती उठली. दुसऱ्या तासाला बैलानं पाऊल आखडतं घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. आसूड नव्हता, कासरा ढिला होता. त्या मुक्या जनावराला कळलं की शेजारचा जीव कमी ताकदीचा आहे, आणि त्यानं जुवाचं वजन आपल्याकडं ओढून घेतलं. दोन दिवसांत रान पेरून झालं. मागं धोंडीबा चाड्यात बियाण्याची मूठ सोडत चालला होता.

बाजरी उगवली. मग पाऊस थांबला. ढग यायचे, औंधच्या डोंगराकडं सरकायचे, मोकळेच. सगळ्यांच्या जिवात गेलं साल पुन्हा खडबडून उठलं. भ्यालेल्या माणसाला कुणावर तरी बोट दाखवायचं असतं, आणि तुम्ही त्याला बोट दाखवायला बाई काढून दिलीत.

निकाल ऐकून धोंडीबा पारावरून घरी आला तेव्हा राही भाकरी थापत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मी न्हाई नाक घासायची."

"आगं, येक डाव टेकलं तर काय झिजतंय व्हय? गावाशी वाकडं घिऊन कुटं जायाचं?"

"मामा, खडी फोडताना मी बाई नव्हते काय? धोंडं डोक्यावर घेताना? आत्याबाई बाबळीखाली पडल्या तवा त्या कोन हुत्या? तवा ह्येच छत्री घिऊन उबं हुतं. उचला बायांनो, उचला, म्हनत हुतं. तवा न्हाई पाऊस बाटला?"

"ते काम सरकारचं हुतं."

"आन ह्ये माजं हाय. म्हनून बाटलं."

धोंडीबा चिडला. "जिबंला हाड न्हाई तुज्या. म्हातारीची जागा बरी घेतलीस." आणि भाकरी न खाता गोठ्यात जाऊन बसला. राहीनं भाकरी ताटलीत घालून तिथं नेऊन ठेवली. कोश्यानं भाकरीवर मान लांबवली तेव्हा म्हाताऱ्याला ती खावीच लागली.

गंमत अशी की ह्या सगळ्यात राहीच्या चित्ताला स्वास्थ्य होतं. तुम्हाला वाटलं असेल ती रडत असेल, पदर तोंडात कोंबून बसली असेल. तुमच्या माणसांनी आडून-आडून बघितलंही. ती काय करत होती ते त्यांना दिसलं, पण कळलं नाही.

तांबडं फुटायला ती उठायची. आडावर जायची. गेल्या साली ह्याच आडात पोहरा सोडला की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज काळजात बसायचा. आता पोहरा पाण्यावर टेकायचा, कलायचा, गुडगुड करून बुडायचा. तो बुडतानाचा आवाज ऐकायला ती रोज हात थांबवायची. मग चूल पेटवायची. गुळाचा कोरा चहा पितळीत ओतून गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायची. कोश्या रवंथ करत असायचा. शेणाचा, ओल्या भुईचा, धुराचा वास एकात एक मिसळून यायचा. पितळीनं बोटं पोळायची. आणि तिला वाटायचं, हे आहे. आज आहे. मी आहे, बैल आहे, म्हातारा खोकतोय म्हणजे तोही आहे.

अंबूबाई गेल्यापासून देवाशी तिचं बोलणं बंद होतं. तरी उपकार कुणाचे तरी मानावेत असं तिला आतून वाटायचं, आणि कुणाचे मानायचे ते तिनं आपलं आपण ठरवलं. त्या बाभळीचे, जिनं म्हातारीला शेवटची सावली दिली. पाऊल आखडतं घेणाऱ्या बैलाचे. मला भूक न्हाई म्हणून खोटं बोलत अर्धी भाकरी टोपल्यात ठेवणाऱ्या सासूचे. आणि स्वतःच्या खांद्याचे. तिथं आता हाताला राठ लागणारं, काळं पडलेलं कातडं होतं, आणि मधोमध एक जखम होती, ती सारखी उकलायची. चहा पिता पिता ती तिथं हळूच हात ठेवायची, जसा जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

एका सकाळी हिंदुरावची बायको आक्काताई परड्यातून चोरपावलानं आली. पदराखाली पानात बांधलेला लोण्याचा गोळा.

"खांदेमळनीला ठेव. तुमच्यात दुबतं न्हाई, मला ठावं हाय. आन मी दिलंय म्हनून सांगू नगंस. आमच्या घरात वाघ हाय, पर भाईर मांजार हुतंय."

राही हसली. आक्काताई तिच्याशेजारी टेकली. "कोश्या लाजत न्हाई व्हय गं तुज्यासंगं जुवात?"

"लाजंल कशाला? तुमच्या बैलापरीस नीट चालले मी."

"आगं बया," आक्काताईनं कपाळाला हात लावला. मग आवाज खाली आणला. "राही, लई जीव तुटतो म्हनून सांगते. टेक की नाक. दगडाची तर पायरी. मनात म्हन, ह्येंच्या नावानं चांगभलं, आन टेक. तुजं रान वाचंल. आमचं घरधनीबी यायला तयार हायती वारंगुळ्याला, तेवडं झालं की."

राहीनं पितळी खाली ठेवली. "आक्का, मी चुकलं म्हनलं तर मग त्या उगावलेल्या बाजरीला काय म्हनू? चुकीची बाजरी? ती भाकरी माज्या गळ्याखाली उतरंल व्हय?"

"प्वाट भरताना कोन एवडा इचार करतंय."

"गेल्या साली मी केला न्हाई. सुकडी खाल्ली, शिव्या खाल्ल्या. जित्तं ऱ्हायाचं हुतं. आता मला सकाळी उठून बरं वाटतंय, आक्का. लई दिसांनी वाटतंय. ह्ये बरं वाटनं मी त्येंच्या पायरीवर न्हाई घासायची."

"आन कोळपनी?"

"बगू. खांदा भरला की पुन्यांदा मीच."

आक्काताईनं तिच्या खांद्याकडं बघितलं आणि उठली. परड्याच्या कडेला जाऊन एकदा मागं वळली, डोळे पुसले, आणि आपल्या घरातल्या वाघाची भाकरी करायला गेली.

बेंदराच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, धोंडीबानं कोश्याला अंगणात आणलं. राहीनं पाणी तापवून दिलं. सासरा-सून चार दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती. त्यानं बैलाची मान कोमट पाण्यानं धुतली, फडक्यानं टिपली. लोण्यात हळद कालवली. मग दोन्ही हातांनी खांदा मळायला लागला. ही खांदेमळण. वर्षभर जू ज्या जागी बसतं त्या जागेला त्या एका संध्याकाळी माणसाचा हात लागतो. त्या संध्याकाळपासून बेंदूर सरेपर्यंत बैलाला काम सांगत नाहीत, आसूड खुंटीवरून काढत नाहीत, शिवी देत नाहीत. धोंडीबाच्या बापानं हे पाळलं, आजानं पाळलं.

मळता मळता त्याची बोटं एका ठिकाणी थांबली. कोश्याच्या खांद्यावर, राहीच्या अंगाला, घट्टा पडला होता. जू ज्या बाजूला कललं होतं ती बाजू. दुसरीकडं तेवढा नव्हता. त्यानं तिथं लोणी जास्त लावलं, अंगठ्यानं जिरवलं. बैलानं डोळे मिटले.

मग पद्धतीप्रमाणं तो बैलाच्या कानाशी वाकला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

वाटीत लोणी उरलं होतं. अंबूबाई असती तर म्हणाली असती, उरलं ते खांबाला फास, वाया घालवू नगंस. धोंडीबा वाटी हातात घेऊन उभा राहिला. राही पायरीवर तांदूळ निवडत बसली होती, एका हातानं. दुसरा हात ती अंगाशी धरून होती. वर उचलला की जखम उकलायची. म्हातारा ते बघत राहिला. ज्या बैलाचा खांदा आलाय, म्हणजे जुवानं सुजून सोलला आहे, त्याला घरात कुणी वर तोंड करून बोलत नाही. आणि हिला आपण चार दिवसांपूर्वी काय बोललो, ते त्याला त्या वाटीत दिसलं असावं.

सासरा सुनेला हात लावत नाही. तो पायरीपर्यंत आला, वाटी तिच्या सुपाशेजारी ठेवली, आणि तोंड फिरवून बैलाकडं बघत उभा राहिला.

"ह्या घरातलं तीन खांदं जुवाखाली झिजलं," तो म्हणाला. "येक सांगलीकडं मातीत गेला. दोन हायती."

राही सूप धरून तशीच.

"मला लावता येत न्हाई. तुजी तू लाव." मग तो म्हणाला, "आज आवतन घे, पोरी. उद्या जेवाया ये."

आणि तरातरा गोठ्यात गेला. त्याच्या कमरेला तेवढं तरातरा झेपत नव्हतं, तरी गेला.

राहीनं बोटावर लोणी घेतलं आणि पदराआडून खांद्याला लावलं. हळद झोंबली. मग गार वाटलं. त्या सालात सासू मेली तेव्हा, बैल मेल्याचा निरोप आला तेव्हा, तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आटलंच होतं सगळं. आता आलं. ती रडत होती आणि तांदळातले खडे काढत होती, आणि एकही खडा तिच्या हातून सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी बेंदूर. वाडीत जेवढे बैल वाचले होते तेवढे सजले. काहींची जोडी होती, बऱ्याच जणांची नव्हती. कोश्याच्या शिंगांना हिंगुळाचा लाल रंग, गळ्यात घुंगरं, पाठीवर अंबूबाईच्या जुन्या लुगड्याची झूल. त्याच्या उजवीकडं धोंडीबा कासरा धरून. डावीकडं, पाखऱ्या जिथं चालायचा तिथं, राही. डोक्यावर पदर, हातात नारळ, आणि चोळीच्या खांद्यावर हळदीचा पिवळा डाग उठलेला. तो झाकायचा तिनं प्रयत्नही केला नाही. हलगी वाजत होती. वेशीजवळ आल्यावर तुम्ही काठी आडवी धरलीत आणि हलगी थांबली.

"नारळ आणलास?" तुम्ही विचारलंत.

"आनलाय."

"मग हो पुढं. टेक नाक."

"नारळ कोश्यापुडं फोडायचा हाय. रान त्यानं पेरलंय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. धनगराचा धुळा असावा, त्याला हसू आवरत नाही. तुमच्या मिशीचा कोपरा उडाला. "धोंडीबा, सुनंला सांग. सणासुदीचं वंगाळ बोलायला लावू नगंस मला."

सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता हात जोडणार. त्यानं कासरा मनगटाला गुंडाळला.

"आवं, बेंदराच्या दिशी आसूड उगारत न्हाईत," तो म्हणाला. "खांदा आलेल्या जनावरावर तर कवाच न्हाई. ही माजी सून. हिचा खांदा आलाय."

"म्हंजे बैल नि बाई सारखीच व्हय रं तुला?" तुम्ही म्हणालात, आणि हसायला माणसं शोधलीत. दोघं-तिघं हसली.

"न्हाई, सारकी कशी," धोंडीबा म्हणाला. "बैलाला आपून वरसातनं येक दिस तरी पुजतो."

मग कुणी हसलं नाही. बायका पारामागं उभ्या होत्या, त्यातली एक म्हातारी नुसतीच "व्हय" म्हणाली, स्वतःशीच बोलावं तशी.

तुम्ही आवाज चढवलात. "वाडीचं पीक मान टाकतंय. पाऊस कुणामुळं गेला, ते बोला."

राही तिथवर बोलायचं म्हणून बोलत होती. आता तिनं नारळ झुलीवर ठेवला.

"ते मलाबी पायजेलच हाय," ती म्हणाली. "मी जुवाला खांदा दिला म्हनून औंदा पाऊस थांबला, आसं तुमचं म्हननं. बरं. मग गेल्या साली? गेल्या साली समद्या माण तालुक्यात येका बाईनं जुवाला बोट लावलं न्हाई. समदी औतं बाप्यांनी धरली. मुहूर्ताचा पयला फाळ तुमचाच लागला. मग गेल्या साली पाऊस का पडला न्हाई?"

कोश्यानं मान हलवली, घुंगरं वाजली. बाकी कुठं काही वाजेना. हिंदुराव आपला बैल घेऊन मागं उभा होता. बैलाला काय वाटलं कोण जाणे, तो दोन पावलं पुढं आला आणि कोश्याच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. हिंदुरावनं कासरा ओढला नाही. त्यानं एवढंच केलं, पण अख्ख्या वाडीनं ते बघितलं, आणि तुम्हीही बघितलंत.

जागा भरली तशी राही तिथून निघाली आणि चार पावलं पुढं आली, तुमच्या काठीला पोट लागेल इतकी. तुम्ही शेजारच्या माणसाकडं बघितलंत. तो बैलांकडं बघत होता.

"त्येंच्याकडं नगा बगू," ती म्हणाली. "मी तुमास्नी इचारलंय. माजी सासू त्या सालात गेली. पाखऱ्या त्या सालात गेला. हितल्या परतेकाच्या घरातलं कोन ना कोन गेलं, काय ना काय गेलं. औंदाचा पाऊस माज्या खांद्यानं थांबला, तर गेल्या सालचा कुनाच्या खांद्यानं थांबला हुता? नाव सांगा त्येचं. त्यो आदी नाक घासंल, त्येच्या मागनं मी घासते. आवं, बोला की."